आवडीचे प्रॉग बँड ऐकायला परदेशवारी : कुठे, कशी, आणि आताच का

विषमताल (पुणे)

प्रॉग्रेसिव्ह रॉकचा (थोडक्यात प्रॉग, म्हणजे लांबलचक रचना आणि अवघड ताल असलेला रॉक) विषय इथे अधूनमधून निघतो आणि दोन-चार प्रतिसादांनंतर अवांतर म्हणून बाजूला पडतो. म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. आवडीचा बँड प्रत्यक्ष ऐकण्यासाठी ज्यांनी देशाबाहेर प्रवास केलाय त्यांनी अनुभव लिहावेत. ज्यांच्या मनात आहे त्यांनी मोकळेपणाने विचारावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो : जायचं असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. ही घाई उगाच नाही. यस या बँडचा क्रिस स्क्वायर २०१५ साली गेला. २०१६ च्या मार्चमध्ये कीथ इमर्सन, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रेग लेक. पुढच्याच महिन्यात जॉन वेटन. २०२० च्या जानेवारीत रश या बँडचा ड्रमवाला नील पर्ट, २०२२ च्या मे महिन्यात यसचाच ॲलन व्हाइट. जेनेसिस या बँडचा शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ ला लंडनच्या ओटू अरीनात झाला. फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रम्सवर त्याचा मुलगा निक होता आणि प्रेक्षकांत बँडचा जुना गायक पीटर गेब्रिएल. सत्तरच्या दशकात ज्यांनी हे संगीत घडवलं ती पिढी आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. रेकॉर्ड्स कुठे जात नाहीत, पण त्या रेकॉर्ड्सवरची माणसं समोर बसून वाजवताना पाहण्याची संधी वर्षागणिक कमी होत चालली आहे.

मी गेलो तो किंग क्रिमझनसाठी. जून २०१९, रॉयल अल्बर्ट हॉल, बँडच्या पन्नाशीचा दौरा, त्या हॉलमध्ये ओळीने तीन रात्री. या काळातल्या क्रिमझनची मांडणीच निराळी होती. तीन ड्रमवाले रंगमंचाच्या अगदी पुढे आणि बाकी सगळे त्यांच्या मागे उंचवट्यावर. डावीकडे पॅट मॅस्टेलोटो, मध्ये जेरेमी स्टेसी, उजवीकडे गॅव्हिन हॅरिसन. घरी हेडफोनवर ऐकताना तीन ड्रम म्हणजे नुसता भरणा वाटायचा. समोर बसल्यावर कळलं की एकच ठेका तिघांत वाटून दिलेला आहे. एकाने मुद्दाम सोडलेली मात्रा दुसरा उचलतो, तिसरा मधल्या रिकाम्या जागेत फक्त झांजेचा एक टोला ठेवतो. हात दिसायला लागले तसं ऐकणंही बदललं.

कार्यक्रमभर फोटो आणि व्हिडिओला सक्त मनाई होती. शेवटी बँडचा बासवादक टोनी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा उचलतो, तेव्हाच प्रेक्षकांनी आपले काढायचे, असा या बँडचा नियम. हजारो माणसांच्या हॉलमध्ये तासन्‌तास एकही मोबाइल उजळत नाही तेव्हा ऐकण्याची प्रत किती वाढते ते सांगून पटणार नाही.

आणि ‘स्टारलेस’. १९७४ सालची बारा मिनिटांची रचना. एरवी क्रिमझनच्या कार्यक्रमात प्रकाशयोजना नसल्यातच जमा, पांढरा उजेड आणि काळे कपडे. पण या रचनेच्या मधल्या भागात रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकेक सूर धरून बसतो. खाली तेरा मात्रांचं आवर्तन फिरत राहतं, गिटारचा सूर फार सावकाश वर चढतो आणि सगळा रंगमंच तितक्याच सावकाश लाल होत जातो. सॅक्सोफोनने मूळ धून परत आणली तेव्हा माझ्या शेजारचे साठीचे इंग्रज गृहस्थ उघडपणे रडत होते. मीही.

---

गोदाकाठ (नाशिक)

वाचून अंगावर काटा आला. मी नोकरी करते, युरोपात कधी गेलेली नाही. पॉर्क्युपाइन ट्री बँडचा स्टीव्हन विल्सन किंवा स्वीडनचा ओपेथ बँड, दोघांपैकी एकाला तरी ऐकायचंच आहे. यजमानांना या संगीताची आवड नाही, त्यामुळे एकटीनेच जाणार. सुरुवात कुठून करायची? आधी तिकीट की आधी व्हिसा? आणि रात्री अकराला कार्यक्रम सुटल्यावर एकट्या बाईने परत जाणं कितपत सोयीचं?

---

जुना कॅसेटवाला (मुंबई)

धाग्याबद्दल विषमताल यांचे आभार. पण थोडी वेगळी बाजू मांडतो.

आमच्या तरुणपणी हे संगीत ऱ्हिदम हाउसमधून यायचं. काळा घोड्याच्या त्या दुकानात उभं राहून ऐकायचं आणि पैसे जमले की कॅसेट घ्यायची. ही माणसं कधी डोळ्यांनी दिसतील असं स्वप्नातही नव्हतं. आणि तरी पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स २००७ साली मुंबईत आला. पॉर्क्युपाइन ट्री २००९ च्या डिसेंबरमध्ये पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेले. २०१९ साली ओपेथ पुण्यात येऊन गेले. पॉर्क्युपाइन ट्रीच्या वेळी मी माझ्या पुतण्याबरोबर गेलो होतो. विशी-बाविशीची पोरं अवघड तालांची गाणी शब्दन्‌शब्द म्हणत होती. तो अनुभव लंडनपेक्षा उणा होता असं मी मानत नाही.

माझं म्हणणं असं की परदेशी जरूर जा, पण हे बँड इथे येतात तेव्हा मैदान भरलं पाहिजे. इथे तिकिटं खपली नाहीत तर आयोजक दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत, आणि ज्यांना लंडन कधीच परवडणार नाही अशा पोरांची दारं बंद होतील.

---

विषमताल

काका, शंभर टक्के सहमत. ओपेथला मीही पुण्यात होतो. फक्त एक फरक नोंदवतो. इथे ते बहुधा महोत्सवात येतात. दुपारपासून पाच-सहा मंच चालू, शेजारच्या मंचाचा आवाज कानावर, आणि बँडला मिळतो तास-सव्वा तास. ज्या बँडची एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांची, त्याच्या वाट्याला मग सात-आठ गाणी येतात. त्याच बँडचा स्वतःचा दौरा असतो तेव्हा दोन-अडीच तास मिळतात, ध्वनियोजना त्यांची स्वतःची असते आणि समोर फक्त त्यांचेच श्रोते. प्रॉगला हा अवकाश लागतोच.

गोदाकाठ, तिकीट आधी. पण सविस्तर उत्तर सातबारा देतील, कागदपत्रांत त्यांचा हात कोणी धरणार नाही.

---

सातबारा (ठाणे)

गोदाकाठ, क्रम असा ठेवा.

मोठे दौरे आठ-दहा महिने आधी जाहीर होतात आणि चांगल्या जागा पहिल्या दिवशीच जातात. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. त्यामुळे कार्यक्रमाचं तिकीट व्हिसाच्या आधीच घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही. ते तिकीट अर्जाला जोडा. प्रवासाचा हेतू त्याने स्वच्छ दिसतो. सोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा की अमुक तारखेला अमुक शहरात या बँडचा कार्यक्रम आहे आणि त्यासाठीच जातेय. अर्जाची शेवटची मुदत प्रवासाआधी पंधरा दिवस अशी आहे, पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. प्रवासाला सहा महिने उरले की लगेच वेळ घ्या.

ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. दोन शहरांत दोन कार्यक्रम ऐकायचा विचार असेल तर हे आधी ठरवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा. पहिल्याच वेळी लंडन आणि ॲम्स्टरडॅम असं जोडू नका, दोन अर्ज, दोन शुल्कं आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी अडकलेला.

आपल्याकडच्या पासपोर्टवरच्या नावाचा एक गुंता आहे. बऱ्याच जणींच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही असतं. इटलीत पाच हजारांहून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं नावानिशी असतात, दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. तिकीट घेताना नुसतं रोजच्या वापरातलं नाव टाकू नका, पासपोर्टवर आहे तसं अक्षर न्‌ अक्षर टाका. २०२४ साली पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये सहा रात्री कार्यक्रम केले तेव्हा माझ्या भावाच्या तिकिटाची अशी तपासणी झाली होती.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी उतरायचं नाही. निदान एक पूर्ण दिवस आधी. झोप न झालेल्या डोक्याने वीस मिनिटांची रचना ऐकणं म्हणजे एवढा खर्च पाण्यात.

---

ऱ्हाइनकाठ (जर्मनी)

गोदाकाठ, मी बऱ्याच वर्षांपासून एकटी जाते. युरोपातल्या प्रॉगच्या गर्दीइतकी शांत गर्दी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बहुतेक श्रोते चाळिशीच्या पुढचे, बायका संख्येने कमी पण वाढताहेत, ढकलाढकली जवळजवळ नाही. अडचण गर्दीची नसते, शेवटच्या गाडीची असते. म्हणून मुक्काम हॉलपासून चालत जाता येईल असा घ्यायचा, भले खोली लहान असो. लंडनमध्ये शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर भुयारी रेल्वे रात्रभर चालते, तेव्हा शक्यतो त्या वारचा कार्यक्रम पकडा. लहान गावात कार्यक्रम असेल तर शेवटची रेल्वे किती वाजता आहे ते तिकीट घेण्याआधी बघा.

आता माझ्या आवडीची जागा. लोरेलाय. ऱ्हाइन नदीवरच्या उंच कड्याचं नाव आणि त्याच्या माथ्यावर खुलं नाट्यगृह. मारिलियन या ब्रिटिश बँडची १९८७ ची प्रसिद्ध मैफल इथलीच. २००६ पासून इथे ‘नाईट ऑफ द प्रॉग’ नावाचा महोत्सव सुरू झाला. मी २०१९ साली गेले. खालच्या सांक्ट गोआर्सहाउझेन गावात रेल्वेने उतरायचं, तिथून वर. दुपारी ऊन मी म्हणत होतं, लोक दगडी पायऱ्यांवर टॉवेल टाकून बसलेले, कोणाच्या मांडीवर जुन्या रेकॉर्ड्सची पिशवी. दोन बँडच्या मधल्या वेळात माझ्या मागच्या ओळीतले पोलिश काका आणि पुढचा चिलीहून आलेला मुलगा मॅग्मा या बँडच्या कोबाइयन भाषेवर बोलत होते. फ्रान्सच्या ख्रिस्तियान वांडेरने आपल्या बँडसाठी ही भाषाच नवी बनवली आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ तिच्यात गातोय. दोघांनाही तिच्यातल्या अख्ख्या रचना तोंडपाठ. बोलता बोलता गायला लागले, आणि आजूबाजूच्या चार-सहा जणांनी सूर धरला. अशी माणसं मला माझ्या शहरात शोधूनही सापडली नसती.

---

मृद्गंध (कोल्हापूर)

राग मानू नका, पण मनापासून विचारतो. विमान, व्हिसा, मुक्काम धरून लाखाच्या पुढे खर्च. तोही दोन-अडीच तासांसाठी, आणि त्याच बँडच्या उत्तम चित्रफिती घरबसल्या मिळत असताना. मला हे संगीत आवडतं, पण हा हिशोब काही जुळत नाही.

---

जुना कॅसेटवाला

मृद्गंध, प्रश्न रास्त आहे. माझे वडील सवाई गंधर्वला मुंबईहून जायचे. साध्या कारकुनी पगारात सुट्टी टाकून, थंडीत शाल पांघरून रात्र-रात्र बसायचे. भीमसेनजींच्या ध्वनिमुद्रिका घरात होत्याच की. ते सांगायचे, एखादी जागा घेण्याआधी गवई क्षणभर थांबतो, ते थांबणं प्रत्यक्षच बघायचं असतं. माझ्या मते हिशोब तोच आहे, अंतर तेवढं वाढलंय.

ज्याला जमत नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. पण ज्याची इच्छा आहे आणि चार वर्षं पैसे बाजूला टाकायची तयारी आहे, त्याला ‘एवढ्यासाठी?’ असं कोणी म्हणू नये.

---

उट्रेख्तकर (नेदरलँड्स)

मारिलियनचं नाव निघालंय तर लिहायलाच हवं.

नेदरलँड्सच्या समुद्रकाठी, रॉटरडॅमपासून तासाभराच्या अंतरावर, पोर्ट झेलांड नावाचं सुट्टीचं गाव आहे. वर्षाआड तिथे मारिलियन वीकेंड भरतो. शुक्रवार ते रविवार, तिन्ही रात्री हाच एक बँड आणि रोज वेगळी गाणी. बहुतेक वेळा एका रात्री अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवतात. लोक पाच-सहा जणांत मिळून छोटी घरं घेतात, सकाळी स्वतः स्वयंपाक करतात, दुपारी तळ्याकाठी फिरतात. रात्री सगळे एका मोठ्या मंडपात. देशोदेशीचे झेंडे घेऊन येतात. आमच्या घरात दोन ब्राझीलचे, एक इस्रायलचा आणि मी. मी पोहे केले होते, दुसऱ्या दिवशी परत मागणी आली.

हे असं का घडलं त्याला इतिहास आहे. १९९७ साली बँडकडे अमेरिकेचा दौरा करायला पैसे नव्हते. श्रोत्यांनी इंटरनेटवरून आपसांत सुमारे साठ हजार डॉलर जमवले आणि दौरा घडवला. पुढे २००१ च्या अल्बमसाठी बँडने रेकॉर्ड कंपनीकडे जाण्याऐवजी श्रोत्यांकडूनच आगाऊ पैसे मागितले, आणि बारा हजारांहून जास्त लोकांनी अल्बम तयार होण्याआधीच विकत घेतला. लोकवर्गणीतून रेकॉर्ड काढणं ही आज सर्रास गोष्ट आहे, तेव्हा ती कोणी ऐकलेली नव्हती. त्यामुळे या वीकेंडला रंगमंचावरचे आणि खालचे एकमेकांना जुने देणेकरी-घेणेकरी असल्यासारखे ओळखतात. बँडचा गायक स्टीव्ह होगार्थ गाता गाता थांबतो आणि पुढची दोन कडवी पूर्ण मंडप म्हणतो.

पहिल्यांदा युरोपात येणाऱ्याला मी ॲम्स्टरडॅम सुचवेन. देश लहान, रेल्वे भरवशाची, आणि बहुतेक दौरे इथे थांबतातच. पॉर्क्युपाइन ट्री पुन्हा एकत्र आले तेव्हाची त्यांची चित्रफीत नोव्हेंबर २०२२ मधल्या इथल्या झिगो डोम अरीनातल्या कार्यक्रमाचीच आहे. पण मोठ्या अरीनापेक्षा टिलबुर्गचं ०१३ किंवा झूटरमेरचं दे बूर्डराय अशा जागा बघा. झूटरमेरला तर तुम्ही आणि गिटार यांच्यात सात-आठ माणसं असतात, वाजवणाऱ्याच्या पायाखालचे पेडलसुद्धा मोजता येतात. कानात घालायचे बोळे सोबत ठेवा. इथे आवाजाची मर्यादा १०३ डेसिबलची ठरलेली आहे, पण तीही कानांना पुष्कळ होते.

---

टोकियोकर

किंग क्रिमझनच्या चाहत्यांसाठी एक नोंद.

त्यांचा शेवटचा कार्यक्रम ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत, शिबुयाच्या बुनकामुरा ऑर्चर्ड हॉलमध्ये झाला. कोविडमुळे तेव्हा जपानची दारं पर्यटकांना बंद होती, त्यामुळे बाहेरून कोणालाच येता आलं नाही. मी इथे नोकरीला असल्याने जाऊ शकलो. सगळ्यांना मास्क, ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. जपानी श्रोते एरवीही सूर पूर्ण विरेपर्यंत टाळी वाजवत नाहीत. शेवटची रचना विषमताल यांनी लिहिलंय तीच, ‘स्टारलेस’. ती संपल्यावर ओरडता येत नाही म्हणून लोक नुसत्या टाळ्या वाजवत राहिले, हात दुखेपर्यंत. टोनी लेव्हिनने कॅमेरा काढला, मग आम्ही.

त्या दिवशी मला भारतातल्या दोन मित्रांचे निरोप आले. दोघांनी २०२० साठी पैसे साठवले होते. विषमताल ‘पुढच्या वर्षावर ढकलू नका’ म्हणतात ते मी त्या दोघांच्या वतीनेही म्हणतो.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सातबारांचा प्रतिसाद छापून ठेवला आहे. ॲम्स्टरडॅम पक्कं करतेय. ओपेथ की विल्सन ते आधी कोणाच्या तारखा जाहीर होतात त्यावर. उट्रेख्तकर, झूटरमेरच्या जागेवर अजून काही असेल तर व्यक्तिगत निरोपात लिहाल का?

एक प्रश्न राहिला. माझ्या धाकट्या भावाला रश ऐकायचाय. २०१५ नंतर ते थांबले होते ना?

---

विषमताल

हो. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये नील पर्टबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. आता बँडचे उरलेले दोघे, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन, यांनी २०२६ च्या जूनपासून दौरा जाहीर केलाय, सुरुवात त्याच फोरममधून. ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस. नीलच्या जागी कोणीही नको असं म्हणणारे पुष्कळ चाहते आहेत आणि त्यांची भावना मला समजते. पण तिचं स्वतःचं वादन आधी ऐका. विषम तालांत ती इतकी सहज वावरते की मला हा निर्णय मनापासून पटला. नक्कल करणारा कोणी घेतला असता तर जास्त दुखलं असतं.

---

सातबारा

गोदाकाठ, भावासाठी दोन पर्याय. पहिला अमेरिका किंवा कॅनडा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला किती दिवस थांबावं लागेल याचा नेम नाही, त्यामुळे आधीचा व्हिसा हातात नसेल तर त्यावर बेत आखू नका. टोरोंटो हे बँडचं घर, तिथे ऐकण्याची मजा वेगळी, पण कॅनडाचा व्हिसा लागतो आणि तिकिटं मिळणं सगळ्यात कठीण.

दुसरा मेक्सिको सिटी. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. विमान कुठून बदलायचं ते मात्र नीट बघायला सांगा. अमेरिकेतून गेलं तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. शेंगेन असेल तर युरोपमार्गे जायचं. भावाच्या पासपोर्टवर सध्या कोणता व्हिसा आहे आणि कधी संपतो ते कळवा, म्हणजे पुढचं बघू.